तलवार धरणारी नायिका आणि क्रियापदाचे लिंग

मागील उपघटकात आपण कर्तरी व कर्मणी प्रयोग अभ्यासले. ऐतिहासिक साहसकथेतील नायिकेच्या तोंडी त्यांचे काय होते, ते येथे पाहू.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मधील कमलकुमारी ही कल्पित नायिका. १६७० मधील कोंढाण्याच्या लढाईची कथा तिच्या बंदिवासाशी जोडलेली आहे; तलवार मात्र तानाजीच्या हाती राहते. इतिहास याहून मोकळा होता. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेबरोबर रायबागन होतीच.

कथाकार नायिकेला तलवार देतो, तेव्हा पुष्कळदा पुरुषवेषही देतो. येथून भाषेची कसोटी लागते. कल्पना करा, शिलेदाराच्या वेषातील एक तरुणी जेऊरवरून करमाळ्याच्या भुईकोट किल्ल्याशी पोहोचली आहे. पहारेकऱ्याने ‘आपण कोठून आलात?’ असे विचारले, तर आदरार्थी रूपात लिंग दिसत नाही. तिने मात्र ‘भीमा ओलांडून आलो’ म्हणायला हवे. ‘आले’ म्हटले की वेष संपला. याउलट ‘मी तलवार उपसली’ हे वाक्य ती निर्धास्तपणे उच्चारू शकते. येथे क्रियापद ‘तलवार’ या स्त्रीलिंगी कर्माप्रमाणे चालते, कर्त्याचे लिंग विचारीत नाही. ‘मी किल्ल्यात जाईन’ या भविष्यकाळातही तीच सोय आहे. ‘लढणे’ अकर्मक वापरले की सुटका नाही : ‘लढलो’ की ‘लढले’?

निवेदकाची अडचण याहून मोठी. ‘तो स्वार आला’ लिहिले तर वाचकाची फसवणूक, ‘ती’ लिहिले तर रहस्य फुटले. पागोट्यातून केस सुटण्याचा प्रसंग आता घासून गुळगुळीत झाला आहे. ‘आला’चे ‘आली’ होते तो क्षण मला अधिक रोमहर्षक वाटतो.

आणखी एक गुंता पाहा. कोल्हापूरकडे अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात. तिकडची नायिका वेषांतरात आपलीच बोली बोलेल! अशी रूपे विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेत आली की चूक म्हणून खोडली जातात. प्रमाण लेखनात ‘आले’ अपेक्षित आहे, हे खरे. पण बोलीतील ‘आलो’ हे त्या बोलीच्या नियमानेच आलेले असते. तिला मराठी येत नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे अशास्त्रीय आहे.

कृती : आपल्या गावातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून तिने एकटीने केलेल्या प्रवासाची हकिगत ऐका. तिची दहा वाक्ये, न सुधारता, लिहून घ्या. बोलणारी स्त्री आहे हे कोणत्या क्रियापदांवरून कळते आणि कोणत्या वाक्यांत ते कळत नाही, हे प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा.