घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर व तबकड्यांचे प्रकार : एक तुलनात्मक अभ्यास

आपल्यापैकी अनेक कुटुंबांत विवाहसोहळे, जयंतीचे कार्यक्रम व वडीलधाऱ्यांची भाषणे डीव्हीडी तबकड्यांवर जपून ठेवलेली आहेत. तबकडी कपाटात ठेवली की ठेव कायमची सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र दिसून येतो. हा समज कितपत खरा आहे, ते पाहण्यासाठी तबकड्यांच्या प्रकारांची तुलना आपण येथे करू.

पार्श्वभूमी : डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली. घरच्या घरी चित्रमुद्रण करणारा पहिला डीव्हीडी रेकॉर्डर पायोनियर कंपनीने १९९९ च्या डिसेंबरात तेथेच विक्रीस आणला. नेहमीच्या तबकडीच्या एका थरात ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. लेखन व वाचन लाल लेसर किरणाने होते.

तबकड्यांचे प्रकार :

१) आर : हिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यात कायमचा बदल होतो, म्हणून लेखन एकदाच करता येते. जपून ठेवावयाच्या कार्यक्रमासाठी ही योग्य. मात्र रंगद्रव्याला ऊन सोसत नाही.

२) आरडब्ल्यू : हिच्यात मिश्रधातूचा थर असतो. उष्णतेने त्याचे रूप पालटते व पुन्हा पूर्ववतही करता येते. त्यामुळे सुमारे १००० वेळा पुसून लिहिता येते. रोजच्या मुद्रणास ही सोयीची.

३) रॅम : हिच्यावर सुमारे १ लाख वेळा लेखन होऊ शकते. मुद्रण चालू असतानाच आधीचा भाग पाहता येतो. परंतु अनेक साधे प्लेअर ही तबकडी वाचत नाहीत.

पहिल्या दोन प्रकारांत 'वजा' व 'अधिक' असे दोन गट आहेत. वजा गट डीव्हीडी फोरमने मान्य केलेला, तर अधिक गट फिलिप्स, सोनी आदी कंपन्यांनी पुढे आणलेला. दोघांची साठवणक्षमता जवळजवळ सारखीच. फरक आहे तो लेखनाच्या पद्धतीत. सुरुवातीचे पुष्कळ रेकॉर्डर एकाच गटाच्या तबकडीवर लिहीत. पुढे दोन्ही गट चालणारी यंत्रे आली.

मुद्रणाचा वेळ : एकाच तबकडीवर 'एक्सपी' पद्धतीत १ तास, 'एसपी'त २, 'एलपी'त ४ व 'ईपी'त ६ तासांचे मुद्रण मावते. वेळ वाढला म्हणजे जागा वाढली असे नव्हे. तीच माहितीची जागा अधिक तासांत वाटली जाते व चित्राचा स्पष्टपणा घटतो. भाषणास एलपी चालेल. नृत्य वा मिरवणुकीस एसपीच बरी.

सर्वांत महत्त्वाची बाब : रेकॉर्डरवर लिहिलेली आर तबकडी शेवटी 'फायनलाइझ' करावी लागते. या क्रियेने तबकडीवर अनुक्रमणिका पूर्ण लिहिली जाते व इतर प्लेअर ती वाचू शकतात. ही क्रिया राहिली असेल, तर तबकडी बहुधा ज्या यंत्रावर लिहिली त्याच यंत्रावर चालते. ते यंत्र भंगारात गेले की चित्रण तबकडीवर असूनही दिसत नाही. अशा तबकडीतून विशेष संगणकप्रणालीने चित्रण काढता येते. पण दरवेळी यश येईलच असे नाही.

नवे घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आता दुकानांत सहसा मिळत नाहीत, आणि बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीची खाचही नसते. म्हणून सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(अ) जुना रेकॉर्डर टाकून देण्यापूर्वी घरातील प्रत्येक तबकडी दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहावी. न चालल्यास आधी फायनलाइझ करावी.

(आ) तबकडी कडेने धरावी, उन्हापासून दूर उभी ठेवावी. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये.

(इ) चित्रण संगणकावर उतरवून घ्यावे व दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात.

(ई) कार्यक्रमाचे नाव, साल व त्यातील व्यक्तींची नावे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावीत.

तबकडी हे केवळ साधन होय. जपावयाचे आहे ते तिच्यातील चित्रण. हे काम घरातील विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.