स्वच्छ धुतलेल्या मत्स्यपेटीत मासे का मरतात?

शाळेच्या प्रयोगशाळेतील अथवा घराच्या बैठकीतील मत्स्यपेटी एखाद्या समारंभाच्या आदल्या दिवशी रिकामी केली जाते. वाळू, गोटे, फिल्टरमधील स्पंज, सारे काही नळाखाली खळखळून धुतले जाते. काच लखलखते, पाहुणे कौतुक करतात. पुढे आठवडाभरात मासे पृष्ठभागावर येऊन श्वासासाठी धडपडतात आणि एकेक करून मरतात. दोष बहुधा खाद्याला दिला जातो, नाही तर खाद्य टाकणाऱ्या विद्यार्थ्याला. त्या विद्यार्थ्याची बाजू मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मासा शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. नदीत तो विरून जातो, बंद पेटीत साचतो आणि कल्ल्यांना इजा करतो. त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती खुंटते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. या कामाचे दोन टप्पे दोन वेगळ्या जिवाणूंचे असतात, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले.

हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे नसतात. स्पंजच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर बुळबुळीत थर धरून ते राहतात. आपण ज्याला मळ समजून घासतो, ती त्यांची वस्ती होय.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनला मात्र आम्ही खलनायक ठरवणार नाही. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीत शहराच्या पाण्याचे नियमित क्लोरिनीकरण सुरू झाले. पटकी आणि विषमज्वर आटोक्यात येण्यात या उपायाचा वाटा मोठा आहे. आपल्याकडील मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावे लागते. परंतु रोगजंतू कोणता आणि उपकारक जिवाणू कोणता, हा भेद क्लोरीनला कळत नाही.

तरीही येथे एक बारकावा आहे. पेटीतील चौथा हिस्सा पाणी बदलताना थोडे क्लोरीन आत गेले, तर ते विरळ होते, बरेचसे सेंद्रिय द्रव्यात खर्ची पडते आणि थराच्या आतील जिवाणू बहुधा तगतात. त्रास होतो तो माशांच्या कल्ल्यांना. स्पंज नळाखाली पिळला, की थर उखडून वाहून जातो आणि उरलेल्या जिवाणूंना क्लोरीन थेट भिडते. शिवाय हे जिवाणू फार सावकाश वाढतात. ई-कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. मोडलेली वस्ती पुन्हा बसण्यास काही आठवडे जातात. तोवर मासे जगणार कसे?

म्हणून नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवावे, अथवा त्यात सोडियम थायोसल्फेट घालावे. जुने छायाचित्रकार यालाच हायपो म्हणत. काही देशांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. तेथे पाणी नुसते ठेवून भागत नाही. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळावा. वाळू आणि स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत. पेटी आधीच धुऊन झाली असल्यास काही दिवस खाद्य अगदी कमी टाकावे व रोज थोडे, क्लोरीन घालवलेले पाणी बदलावे. स्पंज परत बसवताना तपकिरी दिसला, तर तो तसाच राहू द्यावा.