लांबून इमारत चालवण्याची नोकरी

दहावी-बारावीच्या निकालानंतर पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकल घेतलं, तर मुलगी जन्मभर साइटवर धुळीत उभी राहणार का? मुलांना नेमकं उलटं हवं असतं, लॅपटॉप घेऊन घरबसल्या काम. या दोघांनी मिळून पाहावं असं एक क्षेत्र म्हणजे बीएमएस, अर्थात बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. मोठ्या इमारतीतलं वातानुकूलन, दिवे, पंप एका कंट्रोल नेटवर्कवर आणून चालवण्याचं हे काम आहे.

लॉनवर्क्स या प्रणालीचं लॉनमेकर हे सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ. मायक्रोसॉफ्ट व्हिजिओच्या पानावर उपकरणांच्या आकृत्या मांडून त्या रेषांनी जोडायच्या, की नेटवर्कची जोडणी ठरते. उपकरणं समोर नसतानाही ‘ऑफनेट’ राहून हे आखता येतं. बदल डेटाबेसमध्ये साठतात आणि ‘ऑननेट’ झाल्यावर उपकरणांत उतरतात. म्हणजे निम्मं काम ऑफिसात होतं. पण एखादी आकृती म्हणजे नेमकं छतावरचं कोणतं उपकरण, हे जुळवायला सहसा कुणीतरी वर जाऊन त्याचं सर्व्हिस पिन बटण दाबावं लागतं. मग त्या उपकरणातल्या चिपचा ४८ बिटचा क्रमांक नेटवर्कवर येतो.

दूरचा लॅपटॉप, म्हणजे रिमोट क्लायंट, जोडण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि मुलाखतीत विचारण्याजोगा प्रश्न मला हाच वाटतो. ‘फुल’ क्लायंटकडे स्वतःचं नेटवर्क इंटरफेस असतं. तो थेट कंट्रोल नेटवर्कवर बसतो आणि उपकरणांशी स्वतः बोलतो. ‘लाइटवेट’ क्लायंट टीसीपी/आयपीवरून फक्त नेटवर्कचा डेटाबेस असलेल्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो, पुढचं सगळं बोलणं सर्व्हर करतो. त्यामुळे सर्व्हर बंद असेल, त्यावर रिमोट क्लायंटना परवानगी दिलेली नसेल किंवा फायरवॉलने पोर्ट अडवलं असेल, तर लाइटवेट क्लायंटला छतावरचं एकही उपकरण दिसत नाही. ती सगळी उपकरणं ठणठणीत असतात. नवखा मुलगा वायरी तपासत बसतो. जाणकार आधी विचारतो, कोण कोणाशी आणि कोणत्या वाटेने बोलतंय?

हा प्रश्न पडायची सवय हीच या पेशातली कमाई आहे. लॉनवर्क्सवर नवे प्रकल्प आता कमी निघतात. नव्या कामांत १९९५ साली मानक झालेलं बॅकनेट आणि युरोपातून आलेलं केएनएक्स जास्त भेटतं, १९७९चं मॉडबसही टिकून आहे. त्यामुळे एका सॉफ्टवेअरच्या महागड्या कोर्सला मोठी फी भरू नका. इलेक्ट्रिकलची वायरिंग आणि कॉम्प्युटर नेटवर्किंग, दोन्ही पाया पक्के असले की सॉफ्टवेअर बदललं तरी माणूस अडत नाही.

घरून कामाचं म्हणाल, तर ते मिळतं, पण सुरुवातीची काही वर्षं साइट करावीच लागते. लांबून पंप सुरू करताना त्याच्यापाशी कुणी पाना घेऊन बसलंय का, हे स्क्रीनवर दिसत नाही. आधी फोन करून खात्री करण्याची शिस्त साइटवर राहिलेल्याच्या अंगात असते. सायबर सुरक्षेची जबाबदारीही तितकीच मोठी. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत हल्लेखोर शिरले ते वातानुकूलनाच्या एका कंत्राटदाराचा चोरलेला लॉगिन वापरून, आणि सुमारे चार कोटी कार्डांची माहिती गेली. लॉगिन कुणालाही न देणं आणि सर्व्हर इंटरनेटवर उघडा न ठेवता व्हीपीएनमागे ठेवणं, हे पहिल्या नोकरीपासून अंगवळणी पडायला हवं.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग ही वाट या कामाला चांगली मानवते. पुण्यात हनीवेल आणि जॉन्सन कंट्रोल्स या क्षेत्रातल्या कंपन्या आहेत. मोठ्या इमारतींची देखभाल करणारे छोटे ठेकेदारही फ्रेशरना घेतात, आणि शिकायला तिथे जास्त मिळतं. प्रवेशाआधी कॉलेजची लॅब बघून या. मुलांना पॅनल उघडून स्वतः वायर जोडू देतात का, की शिक्षक करतात आणि मुलं वहीत उतरवतात, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.