शॉकअपचा नॉच वाढवला की स्प्रिंग कडक होते का?

गाडीचा मागचा शॉकअप खड्ड्यात आपटायला लागला की मेकॅनिक पाना लावून नॉच एक-दोन घरं वाढवतो. आपण म्हणतो, "स्प्रिंग कडक केली." शाळेच्या खडबडीत वाटेवर मीही कित्येक वर्षं असंच समजत होतो. पण स्प्रिंग खरंच कडक होते का? चला, आज हे ट्रायल मोटरसायकलवरून समजून घेऊया. तिथे शॉकअपची चूक लगेच गुणांत दिसते.

ट्रायल म्हणजे काय?

ही वेगाची शर्यत नाही. दगड, ओढे, निसरडे चढ यांवरून पाय न टेकता गाडी न्यायची. पाय एकदा टेकला तर 1 गुण, दोनदा 2, त्याहून जास्त वेळा 3. पडलात तर 5. सर्वांत कमी गुण मिळवणारा जिंकतो! स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात होणारी सहा दिवसांची ट्रायल प्रसिद्ध आहे. 1965 मध्ये सॅमी मिलर यांनी ती बुल्टाको या स्पॅनिश गाडीवर जिंकली. तिला मागे दोन शॉकअप होते. आजच्या ट्रायल गाडीला मध्ये एकच असतो.

ही गाडी साधारण 70 किलोची, म्हणजे जवळजवळ चालवणाऱ्याच्याच वजनाची. म्हणून स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळलीच पाहिजे.

नॉच काय करतो?

समजा, एक स्प्रिंग 1 सेंमी दाबायला 10 किलो भार लागतो. रॉबर्ट हूक यांच्या नियमानुसार 2 सेंमीला 20 किलो लागेल. आता नॉच वाढवून ती आधीच 2 सेंमी दाबून ठेवली. 20 किलोपर्यंत ती हलणार नाही. पण त्यानंतर? पुन्हा प्रत्येक सेंमीला 10 किलोच! म्हणजे कडकपणा तोच राहिला, फक्त गाडी मागून उंच झाली. या आधीच्या दाबाला प्रीलोड म्हणतात.

कृती : गाडी किती दबते ते मोजा

1. मागचं चाक जमिनीवरून उचला. चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. समजा 600 मिमी.
2. गाडी जमिनीवर ठेवा. चालक फूटरेस्टवर उभा राहू द्या, कारण ट्रायलमध्ये उभं राहूनच चालवतात. एकाने गाडी धरा, दुसऱ्याने पुन्हा मोजा. समजा 545 मिमी.
3. फरक 55 मिमी. याला सॅग म्हणतात.

चाकाची एकूण हालचाल 165 मिमी असेल, तर सुरुवातीला तिचा एक तृतीयांश, म्हणजे 55 मिमी सॅग ठीक. जास्त असेल तर प्रीलोड वाढवा, कमी असेल तर घटवा.

आता चालकाला उतरवा आणि नुसत्या गाडीचा सॅग बघा. गाडी अजिबात दबत नसेल तर स्प्रिंग कडक आहे असं वाटेल. खरं उलट आहे! स्प्रिंग नरम आहे, म्हणून तिला प्रीलोडने खूप आवळावं लागलं. अशा वेळी नॉच फिरवून उपयोग नाही, कडक स्प्रिंगच बसवावी लागते.

रिबाउंड

दबलेली स्प्रिंग उसळते, तेव्हा शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून जातं आणि तिला आवरतं. रिबाउंडचा स्क्रू ही गती ठरवतो. उसळी फार जलद असेल तर दगडावर मागचं चाक उडतं आणि पकड सुटते. फार मंद असेल तर चढावर उडी घेताना गाडी उचलत नाही. दोन्हीकडे पाय टेकायची वेळ येते!

स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून किती क्लिक होतात ते वहीत लिहा, मग तो मूळ जागी आणा. एका वेळी एकच गोष्ट, एक-दोन क्लिकच बदला, त्याच दगडावरून पुन्हा जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही.

नवा शॉकअप कधी?

तेल गळत असेल, दांडा घासला असेल किंवा स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल, तर दुरुस्ती करा किंवा बदला. लक्षात ठेवा : अनेक शॉकअपमध्ये जास्त दाबाचा नायट्रोजन असतो. घरी उघडू नका.

स्वाध्याय : वर्गातल्या जुन्या पेनातली स्प्रिंग घ्या. ती आधी थोडी दाबून ठेवली तर काय बदलतं आणि काय बदलत नाही, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.