शेतकऱ्याचे घर : जागेची चौकशी, बांधकामाची परवानगी व काळ्या जमिनीतील पाया

मातीच्या भिंतींचे व धाब्याचे जुने घर उतरवून त्या जागी पक्के घर बांधण्याची प्रवृत्ती खेडोपाडी वाढली आहे व ती स्वागतार्ह आहे. तथापि बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरील खूणचिठ्ठी निरखून वाचणारा शेतकरी घराची जागा ठरविताना तितकी चौकशी करतोच असे नाही. बियाणे फसले तर एक हंगाम जातो. घर फसले तर चार-पाच हंगामांची शिल्लक जाते आणि वर कर्जाचा हप्ता उरतो. घर फसण्याची कारणे बहुधा दोन ठिकाणी दडलेली असतात : एक दप्तरात, व दुसरे जोत्याखालच्या मातीत. ही दोन्ही कारणे पहिली कुदळ पडण्यापूर्वी अल्प खर्चात शोधता येतात. म्हणून प्रस्तुत लेखात घराच्या सजावटीविषयी काही न सांगता या दोन गोष्टींचाच विचार केला आहे.

जागा गावठाणातील की शेतातील ?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये गावाच्या वस्तीच्या जागेची हद्द, म्हणजेच गावठाणाची हद्द, ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. आपली जागा या हद्दीच्या आत आहे की बाहेर, या एका प्रश्नावर पुढील सर्व कार्यवाही अवलंबून असते. वस्ती वाढत जाऊन गावठाणाची कड आणि लगतचे शेत यांतील फरक डोळ्यांस दिसेनासा होतो. परंतु गावनकाशावर तो कायम असतो. शेजाऱ्याने घर बांधले म्हणून आपलीही जागा गावठाणातच असेल, हे अनुमान धोक्याचे आहे.

दाखल्यांच्या नावांमुळेही घोटाळा होतो. महसूल खात्याचा ‘गाव नमुना 8-अ’ हा खातेदाराने धारण केलेल्या जमिनींचा उतारा होय. ग्रामपंचायतीचा ‘नमुना 8’ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही होय. दोहोंत आठाचा आकडा आहे, एवढेच साम्य. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव असणे याचा अर्थ त्या घराची पट्टी त्या नावावर आकारली जाते, इतकाच होतो. तो मालकीचा पुरावा नव्हे.

एक उदाहरण कल्पून पाहू. वडिलांच्या पश्चात तीन भाऊ व एक बहीण आहेत. थोरला भाऊ जुन्या घरात राहतो, पट्टी तोच भरतो आणि कालांतराने नमुना 8 वर त्याचेच नाव लागते. तो घर पाडून नवे जोते घालतो. भिंती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि बहीण किंवा शहरातील भाऊ हरकत घेतो. वारसांचा हक्क कायम असल्याने ही हरकत वावगी म्हणता येत नाही. काम थांबते, सळ्या पावसात गंजतात आणि आणलेल्या सिमेंटचे दगड होतात. हेच वाटपपत्र किंवा हक्कसोडपत्र जोते घालण्यापूर्वी नोंदवून घेतले असते, तर खर्च फारसा आला नसता आणि नातेही टिकले असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (2024 पूर्वी ज्यांस आपण ग्रामसेवक म्हणत होतो) अर्ज हाती येताच वारसांची चौकशी प्रथम करावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

अनेक लहान गावठाणांची पूर्वी कधी मोजणीच झालेली नव्हती. ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावी झाला आणि 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ योजना सुरू केल्यावर हे काम राज्यभर पसरले. उड्डाणापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागेच्या हद्दी चुन्याने आखावयाच्या असतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ड्रोनला भिंत व चुन्याची रेघ दिसते, हक्क दिसत नाही. हक्काची चौकशी माणसांनी समक्ष करावयाची असते. त्या दिवशी गैरहजर राहून पुढे तक्रार करणाऱ्यांची संख्या कमी नाही. ज्या गावी मिळकत पत्रिका तयार झाली आहे, तेथे बांधकामापूर्वी ती काढून घ्यावी व तिच्यावरील क्षेत्र टेप लावून ताडून पाहावे.

शेतातील घर

शेतावर राहिल्याने राखण होते, गुरांची देखभाल होते आणि पहाटेच्या पाण्याची पाळी चुकत नाही. कायद्यानेही हे मान्य केले आहे. उक्त संहितेतील ‘शेतघर’ या संज्ञेत अवजारे, खत, वैरण व धान्य ठेवण्याची जागा, गोठा, तसेच धारक, त्याचे कुटुंबीय, नोकर वा कुळ यांच्या निवासाची इमारत या सर्वांचा समावेश होतो. मात्र शहरांच्या व नगरांच्या परिघात, तसेच प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, असे घर बांधण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. तेथे धारण क्षेत्र 0.4 हेक्टरपेक्षा, म्हणजे 40 आरपेक्षा, कमी असल्यास परवानगी मिळत नाही आणि निवासाच्या इमारतीचे जोते 150 चौरस मीटरच्या आत असावे लागते. आपले गाव अशा परिघात येते किंवा कसे, हे तहसील कार्यालयात विचारावे.

शेतघरातच रस्त्याच्या बाजूस एक गाळा काढून दुकान किंवा उपाहारगृह सुरू केले की ते शेतघर राहत नाही. तो अकृषिक वापर होतो व त्यास दंड आहे. अकृषिक वापरासंबंधीच्या तरतुदींत 2014 पासून अनेक वेळा बदल झाले असून स्वतंत्र परवानगीऐवजी कर किंवा अधिमूल्य भरून घेण्याकडे शासनाचा कल राहिला आहे. म्हणून कोणा नातेवाइकाने दहा वर्षांपूर्वी काय केले याचा आधार न घेता अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला नियमच विचारून घ्यावा. तसेच अकृषिक परवानगीचा कागद लागला नाही, म्हणजे बांधकामाचा नकाशाही मंजूर करावा लागत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जमिनीचा वापर ही एक बाब व इमारतीचा नकाशा ही दुसरी बाब होय.

शेतजमिनीतून दोन-चार गुंठे विकत घेऊन घर बांधू इच्छिणाऱ्याने तर अधिकच सावध असावे. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची आहे काय, हे पाहिल्यावाचून विसार देऊ नये. वर्ग 2 च्या जमिनीच्या हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपसांतील साध्या कागदावर झालेल्या व्यवहाराने मालकी येत नाही.

परवानगीचा अर्ज

ग्रामीण भागातील लहान बांधकामांसाठी 2021 साली पद्धत सुलभ करण्यात आली. सुमारे 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना मालकीची कागदपत्रे, जागेचा व इमारतीचा नकाशा आणि तो नियमास धरून असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीस सादर करून शुल्क भरावयाचे, अशी ती पद्धत होय. 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडास कागदपत्रे पूर्ण असल्यास ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रमाणपत्र द्यावयाचे असते. परवानगी सुलभ झाली याचा काही ठिकाणी ‘परवानगी उरली नाही’ असा अर्थ लावला जातो. वस्तुतः जबाबदारी कार्यालयाकडून मालकाकडे व अभियंत्याकडे आली आहे. शुल्काची पावती व सादर केलेल्या नकाशाची पोच असलेली प्रत जपून ठेवावी. कर्ज मागताना बँक प्रथम तीच विचारते.

नकाशात न दिसणाऱ्या तीन गोष्टी जागेवर उभे राहून पाहाव्यात. एक, रस्ता. महामार्ग किंवा राज्यमार्ग असल्यास इमारत रेषा सार्वजनिक बांधकाम खात्याकडून समजून घ्यावी. दुसरी, विजेची तार. 11 केव्ही तारेपासून इमारतीचे आडवे अंतर किमान 1.2 मीटर व 33 केव्ही तारेपासून 2 मीटर असावे लागते आणि तारेखाली घर बांधूच नये. तिसरी, पूर. नदीकाठच्या ज्या गावी पूररेषा आखल्या आहेत, तेथे निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची समजावी. निळ्या रेषेच्या आत घर नको. रेषा आखलेल्या नसल्यास गावातील वृद्धांस विचारावे. पाणी कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीस लागले होते, हे त्यांस बिनचूक ठाऊक असते.

काळी जमीन व घराचा पाया

आता मातीकडे वळू. कपाशीस जी जमीन उत्तम, ती घरास वाईट, हे सूत्र विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील काळ्या जमिनीस लागू पडते. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. वैशाखात शेतास पडणाऱ्या ज्या भेगांत आपली काठी सहज जाते, त्याच भेगा घराखालीही पडू पाहतात. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असल्याने तिच्यातील ओल सहसा बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते. त्यामुळे कोपरे खाली-वर होतात आणि खिडकी-दरवाजांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. उन्हाळ्यात सिमेंटने बुजविलेली भेग भाद्रपदात दुसरीकडून उघडते. गवंड्यास दोष देऊन तिचे निवारण होत नाही.

माती किती फुगते हे पाहण्याची चाचणी गावातील शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. वाळविलेली माती बारीक चाळून तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करावेत. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत ते टाकून एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावे, ढवळून हवा काढून टाकावी आणि चोवीस तास स्थिर ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधील मातीचे आकारमान 10 व पाण्यातील 16 मिलिलिटर भरल्यास फुगवटा 60 टक्के झाला. 50 टक्क्यांहून अधिक फुगवटा आल्यास साधा उथळ पाया घालू नये.

त्यानंतर जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. दोन्ही ठिकाणी एकाच खोलीवर मुरूम लागेल असे गृहीत धरू नये. मुरूम दीड-दोन मीटरच्या आत असल्यास पाया थेट मुरमावर टेकवावा. खणून काढलेली काळी माती पुन्हा चरात किंवा जोत्यात भरू नये. ती शेतात नेऊन पसरावी, तेथे तिचे मोल आहे. भरावासाठी मुरूम वापरून 15-15 सेंटीमीटरच्या थरांनी पाणी मारून धुम्मस करावा. मुरूम फार खोल असल्यास रूरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने प्रचारात आणलेले, बुडाशी कंदासारखे फुगीर असलेले ‘अंडर-रीम्ड पाईल’ हा खात्रीचा उपाय आहे. सुमारे साडेतीन मीटर खोल गेलेला हा खांब ओल न बदलणाऱ्या थरात बसतो. त्यावरील तुळई जमिनीपासून किंचित वर मोकळी ठेवतात, म्हणजे फुगणारी माती तिला उचलीत नाही. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये. भिंतीजवळ बाभूळ किंवा कडुनिंब लावू नये. झाडाची पूर्ण वाढ झाल्यावर जेवढी उंची, तेवढे अंतर राखावे. हा सर्व खर्च डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो करण्याचे जिवावर येते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे व केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात अनुदान 1 लाख 20 हजार रुपये धरलेले आहे. काळ्या जमिनीवरील लाभार्थ्याने याच क्षेत्राच्या आसपास राहून पैसा पायात घालावा. अनुदानाच्या भरवशावर दुप्पट जोते घालून भिंती अर्ध्यावर सोडलेली घरे आपल्या पाहण्यात आहेतच.

भिंतींविषयी थोडेसे

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या. परंतु आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधलेले नव्हते, मधे मातीचा व कपच्यांचा भराव होता आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचा प्रचंड भार होता. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत हा समज त्या पहाटे खोटा ठरला. दगडी भिंत बांधावयाची असल्यास जाडी 45 सेंटीमीटरच्या आत ठेवावी आणि दर 60 सेंटीमीटर उंचीवर, 1.2 मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता, भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड बसवावेत. विटांच्या व दगडांच्या दोन्ही भिंतींस जोत्यावर व दरवाजाच्या माथ्यावर काँक्रीटचा अखंड पट्टा द्यावा. तो चारही कोपऱ्यांतून सलग जावा. दरवाजापुरता तुकडा टाकल्याने उपयोग होत नाही.

कामाचा हंगाम

पाया उन्हाळ्याच्या आरंभी घेऊन पावसापूर्वी जोत्यापर्यंत आणणे सोईचे. पुढील काम सुगीनंतर, मजूर मोकळे झाल्यावर करावे. काँक्रीट कालविताना 50 किलोच्या पोत्यास 27 लिटरपेक्षा अधिक पाणी घालू नये व वाळू ओली असल्यास त्याहूनही कमी घालावे. पातळ मालाने गवंड्याचे श्रम वाचतात, परंतु काँक्रीटची ताकद घटते. उलट घट्ट झाल्यावर मात्र उष्ण व कोरड्या हवेत निदान दहा दिवस ते सतत ओले ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत गावास टँकरने पाणीपुरवठा होत असेल, तर स्लॅब त्या दिवसांत न टाकता विहिरीस पाणी असेपर्यंत थांबावे आणि तोवर वीट, खडी व सळई आणून ठेवावी. सिमेंट मात्र शेवटच्या आठवड्यातच आणावे व फळीवर, भिंतीपासून दूर रचावे.