साक्ष: ओठांची आणि हातांची

विद्यार्थिमित्रांनो, साक्ष हा शब्द आपण नेहमीं न्यायालयाच्या संबंधांत ऐकतों. साक्षीदारास तेथें "तुम्हांला काय वाटतें?" असें विचारीत नाहींत, "तुम्हीं काय पाहिलें?" असें विचारतात. ख्रिस्ती मनुष्याच्या साक्षीसही हाच नियम लागू आहे. जें त्याच्या आचरणांत नाहीं त्याविषयीं तो कितीही गोड बोलला, तरी तें ऐकणाऱ्याच्या अंतःकरणास भिडत नाहीं. या गोष्टीचें उत्तम उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचें चरित्र.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. तीर्थयात्रा करीत फिरतांना दुष्काळानें त्यांचे आईबाप हिरावून नेले. १८७८ सालीं त्या बंधु श्रीनिवास यांच्यासह कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचें आमंत्रण आलें. मंडळी खुर्च्यांपुढें गुडघे टेकून प्रार्थना करूं लागली, तेव्हां हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत असें या बहीणभावांस वाटलें! त्यांना संस्कृत बायबलही भेट मिळालें; पण त्याची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृताहून इतकी निराळी होती कीं, तें वाचणें म्हणजे वेळ दवडणें असें त्यांनीं ठरविलें. प्रार्थना पाहिली, ग्रंथ हातीं आला, तरी मनाचें दार उघडलें नाहीं.

पांच वर्षांनीं रमाबाई इंग्लंडांत होत्या. लंडनमधील फुलहॅम येथें ख्रिस्ती भगिनी एक आश्रम चालवीत असत. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें प्रेमानें वागवीत आणि त्यांना पुन्हां मानानें जगतां यावें म्हणून झटत. तें पाहून रमाबाई चकित झाल्या. या स्त्रियांची इतकी काळजी घेण्यास तुम्हांस काय प्रवृत्त करतें, असें त्यांनीं होऊन एका भगिनीस विचारलें. तेव्हां त्या भगिनीनें त्यांना प्रभु येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा वृत्तान्त वाचून दाखविला. १८८३ च्या सप्टेंबरांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. येथें क्रम लक्षांत घ्या: आधीं कृति, मग पाहणाराचा प्रश्न, आणि शेवटीं शब्द. कलकत्त्यास हा क्रम उलटा होता.

पुढें रमाबाईंनीं हीच साक्ष स्वतः दिली. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुलींना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन वाढलें तें याच कामांतून. तेथें मुली शिकल्या, शेतांत राबल्या, छापखाना चालवूं लागल्या.

परंतु एक गोष्ट लपवूं नये. १८९३ सालीं शारदासदनांत धर्मांतराचा प्रयत्न होतो असा आक्षेप आला. रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतक दूर झाले आणि कित्येक पालकांनीं मुली परत नेल्या. आपण सक्ती करीत नाहीं, पण आपली प्रार्थनाही लपविणार नाहीं, अशी रमाबाईंची भूमिका होती. निरनिराळ्या धर्मांचीं मुलें जेथें एका बांकावर बसतात, तेथें शिक्षकानें हें प्रकरण विसरूं नये. उपकाराच्या मोबदल्यांत श्रद्धा मागणें ही साक्ष नव्हे. तो सौदा होय.

आतां आमचाच एक दोष सांगतों. आपल्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबें ऊसतोडीस जातात. मुलेंही बरोबर जातात. कांहीं वर्षांपूर्वीं असा एक मुलगा उन्हाळा लागतांना वर्गांत परतला. त्या वेळीं आम्ही हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत शिकवीत होतों. गैरहजेरीबद्दल आम्हीं त्याला दाराशींच उभें केलें आणि धडा पुढें चालविला. तास संपल्यावर एका मुलीनें हळूच विचारलें, "गुरुजी, मेंढरूं सांपडल्यावर मेंढपाळानें त्याला बाहेरच उभें केलें होतें का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाचा बुडालेला अभ्यास घेऊं लागलों. त्यानें धर्माविषयीं कधीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही तो विषय काढला नाहीं. पुढल्या दिवाळीस निघण्यापूर्वीं तो आपलीं पुस्तकें घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, फडावर वाचीन. कुठवर वाचायचें तेवढी खूण करून द्या." त्या दिवशीं साक्ष कोणी कोणास दिली, हें आम्हांस अद्याप सांगतां येत नाहीं.

पालकहो, मुलें आपला उपदेश ऐकतात थोडा. आपलें वागणें मात्र दिवसभर वाचीत असतात. म्हणून पुढील प्रश्न घरीं सर्वांनीं मिळून विचारांत घ्यावेत.

१. आपल्या घरचें वागणें पाहून "तुम्ही असें कां करतां?" असें कोणी शेजाऱ्यानें कधीं विचारलें आहे काय?

२. आपण केलेल्या मदतीच्या मागें कांहीं परतफेडीची अपेक्षा दडली आहे काय?

३. आपल्या वर्गाच्या दाराशीं आज कोण उभें आहे?