प्रोटीनची चरबी होते का?

प्रश्न : मुलगा जिमला जातो आणि दिवसातून दोनदा प्रोटीनचा शेक पितो. 'प्रोटीनची चरबी होतच नाही,' असं त्याला तिथं सांगितलंय. हे खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 'होतच नाही' हे चूक. 'फारशी होत नाही' म्हटलं असतं तर मी भांडलो नसतो.

प्रोटीन पचलं की त्याची अमिनो आम्लं होतात. ती चरबीसारखी साठवून ठेवायला शरीरात कोठार नाही. गरज भागल्यावर उरलेल्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. मागे राहिलेला कार्बनचा सांगाडा जळतो, त्याची साखर होते किंवा चरबी.

या अमिनो आम्लांत ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन भावंडं निराळी. बाकीच्या बहुतेकांचं विघटन यकृतात सुरू होतं, पण या तिघांसाठी लागणारं पहिलं विकर यकृतात जेमतेमच असतं. त्यामुळे ती स्नायूंकडे आणि मेदपेशींकडे जातात. उंदराच्या मेदपेशी प्रयोगशाळेत वाढवून 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाहिलं, तर पक्व पेशी नवी चरबी ज्या असिटिल-कोएन्झाइम-ए पासून करत होत्या, त्यातलं सुमारे 30 टक्के ल्यूसिन-आयसोल्यूसिनमधून आलेलं होतं. व्हे पावडरीत हीच आम्लं भरपूर असतात, बरं का!

ल्यूसिन नुसता कच्चा माल नाही, निरोप्याही आहे. इन्सुलिनच्या जोडीनं ते पेशीला 'माल आलाय, बांधकाम सुरू करा' असं कळवतं. ल्यूसिन अजिबात नसलेलं खाद्य दिल्यावर उंदरांच्या यकृतात चरबी बनवणारी यंत्रणा मंदावली आणि अंगावरची चरबीही उतरली. हा टंचाईचा निरोप ओळखणारं जीसीएन2 हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हतं, त्यांचं यकृत मात्र चरबीनं भरलं. म्हणून कुणी ल्यूसिन वर्ज्य करू नये. स्नायूंनाही तेच लागतं.

आता माणसाकडे येऊ. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 25 जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त खाऊ घातलं. कुणाच्या आहारात प्रोटीनचा वाटा 5 टक्के, कुणाच्या 15, कुणाच्या 25. चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. कमी प्रोटीनवाल्यांचे स्नायू वगैरे मात्र घटले. जादा प्रोटीन थेट चरबी होण्यापेक्षा जळण म्हणून आधी वापरलं जातं आणि पोळीवरचं तूप शिल्लक पडून अंगावर साठतं.

तेव्हा शेक जेवणाऐवजी आहे की जेवणावर, ते मुलाला विचारा. आणि तो दुधात करत असेल, तर दुधाच्या कॅलरीही मोजायला सांगा.